चोळीबांगडीचे बंगळूर

श्रोतेहो, ज्या शहरात माझे वास्तव्य आहे त्या बंगळूरचा मराठ्यांशी असलेला संबंध आपणापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. १६३८ साली विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याने हे ठाणे केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आज मल्लेश्वरम् या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील काडू मल्लेश्वराच्या देवस्थानाला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेखही प्रसिद्ध आहे. हा सारा इतिहास पुरुषांचा झाला. परंतु हेच बंगळूर एके काळी एका मराठा स्त्रीच्या चोळीबांगडीसाठी नेमून दिले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. आज तीच सांगण्याचा विचार आहे.

१६७७ साली शिवाजी महाराज दक्षिणदिग्विजयास निघाले. तिरुमलवाडीस त्यांची व व्यंकोजीराजांची भेट झाली. वडिलांच्या मिळकतीतील निम्म्या वाट्याची मागणी महाराजांनी केली. तिचा निकाल गोडीने लागला नाही आणि दोन भावांच्या फौजांत लढाई जुंपली. व्यंकोजींचा पराभव झाला. बखरकार सांगतात की, अशा वेळी व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांनी पतीची समजूत घातली. वडील भावाशी वैर धरण्यात शहाणपण नाही, तह करावा, असा त्यांचा सल्ला होता. तो मानला गेला.

या तहाची कलमे उत्तरकालीन बखरींत दिली आहेत. त्यांतले एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. बंगळूर आणि त्याच्या आसपासचे महाल दोन लाखांच्या उत्पन्नाचे आहेत, व्यवस्थित कारभार झाला तर ते पाच लाखांपर्यंत जाईल. हा आपण जिंकलेला मुलूख चिरंजीव सौभाग्यवती दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला आहे, असा त्याचा आशय. पुढच्याच कलमात व्यंकोजींना जिंजीकडचा सात लाख होनांचा मुलूख दूधभातासाठी दिला आहे. पतीला दूधभात आणि पत्नीला चोळीबांगडी! मराठी राज्यकारभाराची भाषा अशी घरगुती होती. तिच्या आत आकडे मात्र लाखांचे असत.

पण या कलमाचे खरे वैशिष्ट्य आकड्यात नाही. हे उत्पन्न स्त्रियांच्या परंपरेने चालावे, आणि दीपाबाई ज्या स्त्रीला देतील तिनेच त्याचा उपभोग घ्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वारस ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच. ज्या काळी वारसा म्हणजे मुलगा असे समीकरण होते, त्या काळी ही अट असामान्य म्हटली पाहिजे. मात्र त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. महालांचा कारभार घरातील मुलांनी पाहावा. उपभोग स्त्रीचा, कारभार पुरुषाचा. या एका वाक्यापाशी आपण थोडे थांबले पाहिजे.

अवघ्या दहा वर्षांत काय झाले ते पाहा. तंजावरहून इतक्या दूरचे ठाणे सांभाळणे व्यंकोजींना जड जाऊ लागले. म्हैसूरच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या मार्क विल्क्स याने आपल्या इतिहासात दिल्याप्रमाणे, म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज यांना तीन लाख रुपयांस बंगळूर विकण्याची बोलणी व्यंकोजींनी चालविली. व्यवहार पुरा होण्याच्या आतच, १६८७ च्या जुलैत, औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने बंगळूर घेतले आणि ठरलेल्या त्याच रकमेवर ते चिक्कदेवराजांच्या हवाली केले. या सौद्याच्या हकिकतीत व्यंकोजी आहेत, चिक्कदेवराज आहेत, कासीमखान आहे. जिच्या चोळीबांगडीचे हे महाल, तिचे नाव नाही. मोगलांच्या रेट्यापुढे कोणाच्याही हाती ते राहिले नसते, हे खरे. तरी विकण्याची बोलणी त्याआधी सुरू झाली होती, हेही तितकेच खरे.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहू. १७३४ साली मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून खासगी म्हणून सुमारे तीन लाखांचे उत्पन्न स्वतंत्र तोडून मिळाले. ही खासगी दौलतीच्या हिशेबापासून वेगळी होती. गौतमाबाईंच्या मागे ती सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. अहिल्याबाई स्वतः हिशेब पाहत. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, मंदिरे, विहिरी, अन्नछत्रे उभारली त्यांचा खर्च प्रामुख्याने या खासगीतून झाला. चोळीबांगडी आणि खासगी, दोन्ही नेमणुका स्त्रियांच्याच. एकीत वहीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला होती, दुसरीत ती धनिणीच्या स्वतःच्या. दोन्हींच्या परिणामातला फरक इतिहासाने नोंदवून ठेवला आहे.

हा प्रश्न शास्त्रकारांनाही सुटला नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत स्त्रीधनाचे प्रकार मोजले आहेत : आईबापांनी, पतीने, भावाने दिलेले, विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेले, वगैरे. त्या यादीच्या शेवटी ‘आद्य’ असा एक लहानसा शब्द येतो. चालुक्य विक्रमादित्याच्या काळी कल्याणच्या विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरेत या शब्दाचा अर्थ फार उदारपणे केला. वारशाने आलेले, विकत घेतलेले, वाटणीत मिळालेले, सापडलेले, तेही सर्व स्त्रीधनच, असे त्याने म्हटले. बंगालच्या जीमूतवाहनाला हे मान्य नव्हते. पुढे इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलनेही विज्ञानेश्वराचा उदार अर्थ स्वीकारला नाही. पतीच्या मिळकतीचे उत्पन्न विधवेने हयातभर खावे, परंतु कायदेशीर गरजेवाचून ती विकू नये, असा दंडक पडला. मुंबई इलाख्यात मुलीला व बहिणीला वारशाने आलेली मिळकत पूर्ण मालकीची धरली जाई, एवढाच काय तो दिलासा. मालकी असून अधिकार नाही, ही दीपाबाईंची स्थिती आता लक्षावधी स्त्रियांची झाली.

ती बदलण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न या म्हैसूर राज्यातच झाला, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. १९३३ साली, कृष्णराज वडियार महाराज गादीवर आणि सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना, हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा येथे संमत झाला. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत आई, विधवा आणि अविवाहित मुलगी यांना वाटा मिळाला. तो पुरुषांइतका नव्हता. तथापि स्त्रीधनाची व्याख्या रुंदावली आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क स्त्रीकडे आला. ब्रिटिश हिंदुस्थानात विधवांपुरता कायदा झाला तो त्यानंतर चार वर्षांनी, १९३७ साली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ साली लागू केला, आणि २००५ साली तो साऱ्या देशाला मिळाला. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कायद्याने आपले काम बव्हंशी केले आहे. राहिले आहे ते घराचे काम. सरकारी नोकरीत असताना एकदा माझ्यासमोर हक्कसोडपत्राचा कागद आला. सत्तरीच्या एक बाई भावांच्या नावे आपला वाटा सोडून देत होत्या. मी विचारले, “आजी, जमीन किती आहे, कुठे आहे, ठाऊक आहे ना?” त्यांनी थोरल्या भावाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दादाला ठाऊक आहे.” भावाच्या प्रेमाखातर वाटा सोडण्यात काही गैर नाही; देणे हा मालकाचाच अधिकार आहे. पण आपण काय देतो आहोत हे ज्याला माहीत नाही, त्याने दिले असे कसे म्हणावे? मी सात-बारा त्यांच्यापुढे ठेवून एकेक गट वाचून दाखविला. बराच वेळ त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आज सही नको. चार दिवसांनी येते.” त्या पुन्हा आल्या त्या वेळी विहिरीजवळचा तुकडा त्यांनी स्वतःकडे ठेवला होता आणि बाकीचा आनंदाने भावांना दिला होता. भाऊही रागावलेले दिसले नाहीत.

श्रोतेहो, आपल्या घरी आई, पत्नी, बहीण, मुलगी यांच्या नावे काही ना काही असते. बँकेचे खाते असते, विम्याचा कागद असतो, कोठे जमिनीचा तुकडा असतो. त्याचे उत्पन्न किती आणि कागद कोणत्या कपाटात, हे त्यांना सांगता येते का, एवढे एकदा विचारून पाहावे. सांगता येत नसेल तर त्याच संध्याकाळी शेजारी बसून सारे कागद त्यांच्यापुढे उलगडावेत, आणि भगिनींनीही ते संकोच न करता मागावेत. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या भावजयीला एक मुलूख दिला आणि वहीची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती ठेवली. ती चूक आपल्या घरात तरी पुन्हा होऊ नये.