रावबहादूर बोले यांचा ठराव

कायदे करणाऱ्या सभेचा इतिहास लिहितांना बहुधा कायद्यांचाच हिशेब मांडण्यांत येतो. किती बिलें आलीं, किती संमत झालीं आणि किती बारगळलीं, हें पाहून त्या सभेचें आणि तिच्या सभासदांचें मोल ठरविण्यांत येतें. ठरावांची किंमत या हिशेबांत फारच थोडी. कायदा पाळावा लागतो. ठराव नुसता ऐकून घेतला तरी चालतो. तथापि मुंबई प्रांताच्या जुन्या कायदे कौन्सिलांत ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत झालेल्या एका ठरावाची हकीकत या समजुतीला धक्का देणारी आहे. तो ठराव मांडणारे गृहस्थ म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले.

बोले हे भंडारी समाजांतील. मुंबईच्या गिरणगांवांत त्यांचें सार्वजनिक आयुष्य आकारास आलें. कोंकणांतून आणि घाटावरून पोटासाठीं आलेला मजूर पहांटेच्या अंधारांत गिरणींत शिरे आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडे. त्याची दाद लावणारी संस्था त्या काळीं जवळजवळ नव्हतीच. १९०९-१० च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या चालकांत बोले प्रमुख होते. कामाचे तास कमी व्हावेत, यंत्रांत सांपडून जायबंदी झालेल्याला भरपाई मिळावी, मजुरांच्या मुलांना शिक्षण मिळावें, अशा मागण्या या सभेनें सरकारपुढें मांडल्या. संप पुकारण्यापेक्षां अर्ज, शिष्टमंडळ आणि समेट यांवर तिचा भर असे. पुढील पिढीच्या कामगारपुढाऱ्यांना ही रीत सौम्य वाटली. परंतु लेखी मागणी नेमक्या शब्दांत करण्याची शिस्त बोले यांना येथेंच लागली. पुढें कौन्सिलांत हीच शिस्त त्यांच्या उपयोगी पडली.

१९१९ च्या सुधारणा-कायद्यानें प्रांतिक कारभाराचे दोन भाग केले. पोलीस आणि जमीनमहसूल यांसारखीं खातीं गव्हर्नराच्या हातीं राहिलीं. शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक स्वराज्य हीं खातीं कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आलीं. मताचा हक्क मात्र मालमत्तेवर आणि कर भरण्यावर अवलंबून होता. ज्यांच्या घरीं पाण्याचा हंडाच दुसऱ्याच्या दयेनें भरत असे, त्या अस्पृश्य वर्गाचा निवडून आलेला कैवारी कौन्सिलांत कोठून असणार ? सरकारनियुक्त प्रतिनिधि तेवढा होता. अशा सभेंत स्वतः स्पृश्य गणल्या जाणाऱ्या समाजांतील एका सभासदानें हा प्रश्न उचलला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ठरावाची शब्दयोजना पाहिली म्हणजे मांडणाराचा हिशेबीपणा दिसतो. ज्या पाणवठ्यांना, विहिरींना आणि धर्मशाळांना सार्वजनिक पैसा लागतो, अथवा ज्यांचा कारभार सरकारनें नेमलेल्या किंवा कायद्यानें निर्माण केलेल्या मंडळांकडे आहे, त्या सर्व अस्पृश्य वर्गास मोकळ्या असाव्यात. त्याचप्रमाणें सार्वजनिक शाळा, कोर्टें, कचेऱ्या आणि दवाखानेही त्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय. यांत देवळाचा उल्लेख नाहीं, जातीच्या उगमाची चर्चा नाहीं, शास्त्रार्थ तर मुळींच नाहीं. पैसा सर्वांचा असेल तर वस्तूही सर्वांची, एवढाच सरळ व्यवहार. शास्त्राच्या आधारें वाद घालूं इच्छिणाऱ्याला येथें पाय ठेवायला जागाच ठेवलेली नव्हती.

ठराव संमत झाला. सप्टेंबर १९२३ मध्यें सरकारी आज्ञापत्र निघालें. या आज्ञापत्राचे दोन भाग होते आणि पुढच्या साऱ्या घडामोडींचें मूळ त्या दोन भागांतील फरकांत आहे. जीं ठिकाणें खुद्द सरकारचीं, तेथें ठराव अंमलांत आणावा असें खातेप्रमुखांस कळविण्यांत आलें. जीं ठिकाणें म्युनिसिपालिट्यांचीं आणि लोकलबोर्डांचीं, त्यांच्याबाबत मात्र कलेक्टरांनीं त्या त्या संस्थेला या शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेंच म्हटलें होतें. म्हणजे कचेरीचा दरवाजा हुकुमानें उघडला. विहिरीचा कांठ सल्ल्यावर सोंपविला. आणि माणसाला कचेरींत क्वचित् जावें लागतें, विहिरीवर रोज जावें लागतें.

कुलाबा जिल्ह्याच्या कलेक्टरानें ठरावाची प्रत महाडच्या म्युनिसिपालिटीकडे धाडली. जानेवारी १९२४ मध्यें म्युनिसिपालिटीनें चवदार तळें अस्पृश्यांस खुलें करण्यास आपली हरकत नाहीं असा ठराव केला. महाड हें तालुक्याचें ठिकाण. आसपासच्या खेड्यांतील अस्पृश्य मंडळी बाजारहाटासाठीं आणि सरकारी कामासाठीं तेथें येत. तळ्याचें पाणी इतर सर्वांना चाले. गुरेंढोरेंही तेथें पाणी पीत. हरकत नाहीं असें कागदावर लिहिलें गेलें, तरी त्यानंतर तीन वर्षें एकाही अस्पृश्य माणसाला त्या पाण्याची ओंजळ भरतां आली नाहीं.

ठरावाची ही गत बोले यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. ऑगस्ट १९२६ मध्यें त्यांनीं दुसरी सूचना कौन्सिलापुढें आणली : ज्या म्युनिसिपालिट्या आणि लोकलबोर्डें पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहींत, त्यांना सरकारनें पैशाची मदत देऊं नये. उपदेशानें जें होत नाहीं तें तिजोरीच्या किल्लीनें करून पाहावें, असा हा विचार होता. या दुसऱ्या प्रयत्नानेंही गांवोगांवचे पाणवठे खुले झाले नाहींत हें खरें. परंतु आपल्याच यशाला अपुरें म्हणण्याचें धैर्य त्यांत होतें.

बोले यांच्या इतर भूमिकाही याच सूत्रांत बसणाऱ्या होत्या. गांवच्या जोशाचा वतनी हक्क असा असे, कीं यजमानानें आपलें धर्मकार्य दुसऱ्याकडून करून घेतलें तरी जोशाची दक्षिणा बुडूं नये, आणि तिच्या वसुलीसाठीं त्याला कोर्टांत जातां यावें. न केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हा हक्क नाहींसा करणारें जें बिल ‘जोशी बिल’ म्हणून गाजलें, तें बोले यांचेंच. त्याचा कायदा १९२६ सालचा. कोंकणांतील खोतीच्या जाचाविरुद्धही त्यांनीं कुळांची बाजू घेतली. जोशाची दक्षिणा, खोताचा वसूल आणि तळ्याचा कांठ यांत वरवर कांहीं साम्य दिसत नाहीं. परंतु तिन्हीं ठिकाणीं जन्मानें मिळालेल्या हक्कावर दुसऱ्याचा पैसा, श्रम अथवा पाणी अडविलें जात होतें.

२० मार्च १९२७ रोजीं महाड येथें ठराव कागदावरून खालीं उतरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं भरलेल्या परिषदेंतील हजारों माणसें रांगेनें तळ्यावर गेलीं आणि त्यांनीं पाणी प्राशन केलें. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी भुमका उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढें शेण, गोमूत्र, दूध आणि दहीं यांचे घडे ओतून तळ्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. म्युनिसिपालिटीनें ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांचा ठराव संमत झाल्यास चार वर्षें पूर्ण होतांच, आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरांत महाडच्या कांहीं स्पृश्य रहिवाशांनीं दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. दावा दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें, अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळची वहिवाट सिद्ध झालेली नाहीं, असें ठरवून तो फेटाळला.

मग बोले यांच्या ठरावाचा उपयोग काय झाला, असें कोणी विचारील. ज्या ठरावाच्या आधारें तळें खुलें झालें तो म्युनिसिपालिटीनें एका बैठकींत पुसून टाकला, आणि कोर्टांतील निकाल वहिवाटीच्या पुराव्यावर लागला. याचें उत्तर मार्च १९२७ मधील त्या रांगेंत शोधावें लागतें. त्या माणसांना त्या दिवशीं कोणाची भीक मागावयाची नव्हती. कौन्सिलानें मान्य केलेला आणि म्युनिसिपालिटीनें कबूल केलेला हक्क बजावण्यास तीं निघालीं होतीं. मागणारा आणि बजावणारा यांच्या चालण्यांत फरक असतो. ठरावानें पाणी दिलें नाहीं, परंतु त्या चालण्याला आधार दिला. आणि माणसें चाललीं नसतीं तर तो आधार दप्तरांत कुजून गेला असता. या दोहोंपैकीं एकाचेंच श्रेय मानणें हा इतिहासाशीं अन्याय होईल.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत, राज्याच्या पैशानें पूर्णतः अथवा अंशतः राखलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणासही अडवितां येणार नाहीं, असें लिहिलेलें आहे. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक हक्क यांची जी गांठ बोले यांनीं १९२३ सालीं घातली होती, तीच येथें पुन्हां आढळते. फरक एवढाच, कीं तेव्हां ती शिफारस होती. आतां ती आज्ञा आहे.

मुंबईंत दादरच्या पश्चिम भागांत एका रस्त्याला एस. के. बोले यांचें नांव आहे. त्या रस्त्यानें रोज असंख्य लोक जातात आणि कोणाची जात कोणी विचारीत नाहीं. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या रस्त्याला त्यांचें नांव शोभतें.