‘बिसाया’ : एका सेबुआनो नियतकालिकाचा वाङ्मयीन इतिहास

फिलिपाइन्समधील सेबुआनो भाषा ही बोलणाऱ्यांच्या संख्येने त्या देशातील अग्रगण्य भाषांपैकी एक होय. १९६० च्या सुमारास ती ज्यांची मातृभाषा होती अशांची संख्या टागालोगभाषकांहूनही अधिक होती. असे असूनही या भाषेला राज्यकारभारात स्थान मिळाले नाही आणि शाळेतही दीर्घकाळ मिळाले नाही. अशा भाषेचे लिखित रूप कोणी सांभाळले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधताना ‘बिसाया’ या नियतकालिकापाशी यावे लागते.

सेबुआनो पत्रव्यवसायाचा आरंभ अमेरिकन अमलाच्या प्रारंभी झाला. विसेंते सोत्तो यांनी १९०१ मध्ये सेबू शहरात ‘आंग सुगा’ हे वृत्तपत्र काढले. त्यांची ‘मामिंग’ ही कथा आधुनिक सेबुआनो लघुकथेची आद्य कृती समजली जाते. त्यानंतर १९१५ मध्ये सुरू झालेले ‘बाग-ओंग कुसोग’ हे विसेंते रामा यांचे पत्र १९४१ पर्यंत चालले. कथा, कविता आणि क्रमशः कादंबरी यांना या पत्रांत वृत्तांच्या शेजारी जागा मिळे. ग्रंथप्रकाशनाचा व्यवसाय क्षीण असल्यामुळे लेखकाला वाचकापर्यंत नेणारा मार्ग नियतकालिकाचाच होता.

या पार्श्वभूमीवर ‘बिसाया’चा पहिला अंक १५ ऑगस्ट १९३० रोजी निघाला. मात्र तो सेबूत निघाला नाही. तेथून सुमारे ५७० किलोमीटर दूर असलेल्या मनिलात, रामोन रोसेस यांच्या प्रकाशनसंस्थेतून तो निघाला. याच संस्थेने १९२२ मध्ये आरंभलेले पत्र पुढे ‘लिवायवाय’ या नावाने टागालोग वाचकांत लोकप्रिय झाले होते. त्याच धर्तीवर १९३४ मध्ये इलोकानो भाषेत ‘बान्नावाग’ आणि हिलिगायनोन भाषेत ‘हिलिगायनोन’ ही भावंडे आली. तेव्हा ‘बिसाया’चा जन्म भाषाभिमानी चळवळीतून झाला असे मानणे युक्त नव्हे. एकाच छापखान्यात अनेक भाषांची पत्रे छापावीत, ‘केंकोय’सारख्या लोकप्रिय चित्रमालिका त्या त्या भाषेत उतरवून सर्वांत वापराव्यात आणि खर्च विभागावा, हा व्यापारी हिशेब त्यामागे होता.

परंतु हाच हिशेब भाषेच्या पथ्यावर पडला. स्थानिक पत्रे मालकाच्या राजकीय जीवनाशी बांधलेली असत व त्याच्या उतरत्या काळात तीही मावळत. मनिलाच्या मोठ्या संस्थेचे वितरणजाळे मात्र सेबूपुरते मर्यादित नव्हते. व्हिसायस बेटांतून मिंदानाओकडे जी मोठी स्थलांतरे झाली, त्यांबरोबर वाचकही दक्षिणेकडे पसरला. महायुद्धाच्या वर्षांत प्रकाशनात खंड पडला खरा. पण ‘बाग-ओंग कुसोग’ बंद पडले ते कायमचे, आणि ‘बिसाया’ युद्धानंतर पुन्हा निघू लागले. पुढे मालकी पालटली व ते ‘मनिला बुलेटिन’च्या प्रकाशनसंस्थेकडे गेले, तरीही परंपरा तुटली नाही.

त्याचे सर्वांत मोठे कार्य लेखनपद्धतीच्या क्षेत्रात दिसते. सेबुआनोत मूळचे स्वर तीन. ‘उ’ आणि ‘ओ’ यांत अर्थभेद होत नाही. स्पॅनिश शब्दांबरोबर ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर आले, आणि स्वर तीन लिहावेत की पाच, हा वाद उभा राहिला. ज्या भाषेचे व्याकरण शाळेत शिकवले जात नाही, तिथे असा वाद मिटवणार कोण? ‘बिसाया’च्या संपादकवर्गाने आपल्यापुरते नियम ठरवले आणि येणारे साहित्य त्या नियमांनुसार छापले. अंकात स्थान हवे असलेल्या लेखकांनी ते नियम आत्मसात केले. सांतियागो पेपितो आणि एद्गार गोदिन यांच्यासारख्या संपादकांकडे या दृष्टीने भाषेचे अनौपचारिक न्यायाधीशपण आले. अकादमीचे काम संपादकाच्या मेजावर झाले.

या प्रभावाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वाचकाच्या आवडीवर जगणाऱ्या पत्रात कथेची लांबी, प्रेमकथेचा साचा आणि सुखान्ताची अपेक्षा या गोष्टी लेखकावर नकळत बंधने घालतात. प्रतिस्पर्धी पत्र टिकले नाही की एका संपादकाची अभिरुची ही साऱ्या भाषेची अभिरुची ठरण्याचा धोका असतो. तथापि ऑस्त्रेगेलिना एस्पिना-मूर यांच्यासारख्या इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेनेही सेबुआनो कादंबरीसाठी याच पत्राचा आश्रय घेतला, हे विसरता येत नाही.

विद्यापीठीय अभ्यास उशिरा आला. १९७५ मध्ये सेबूतील सान कार्लोस विद्यापीठात सेबुआनो अध्ययन केंद्र स्थापन झाले व रेसिल मोहारेस यांनी विखुरलेल्या नियतकालिकांतून वाङ्मयाची सूची सिद्ध केली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची कायदेशीर तरतूद तर २०१३ ची. आणि २०२४ च्या कायद्याने तिची सक्तीही संपुष्टात आणली. शासनाने दिलेले स्थान अशा रीतीने एका तपाच्या आत डळमळले. या भाषेचे लेखन त्याआधी आठ दशके एका व्यापारी पत्राच्या पानांवर चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे सेबुआनो साहित्याचा इतिहास ग्रंथालयातील पुस्तकांवरून लिहिता येणार नाही, तो नियतकालिकांच्या जुन्या संचांतूनच लिहावा लागेल, हे स्पष्ट होते. ते संच जपणे हे म्हणूनच या अभ्यासाचे पहिले कर्तव्य ठरते.