इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी : उदय आणि अस्त (१९२७-१९३०)

भारतातील नियमित नभोवाणीचा पाया सरकारी खात्याने नव्हे, तर एका खासगी कंपनीने घातला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झाले. पंधरा लक्षांच्या अधिकृत भांडवलापैकी सहा लक्ष रुपयेच जमा झाले व त्यांतील साडेचार लक्ष केंद्रांच्या उभारणीतच खर्ची पडले.

दहा रुपयांच्या वार्षिक परवाना-शुल्काचा ८० टक्के हिस्सा आणि आयात केलेल्या यंत्रसामग्रीवरील १० टक्के आकार, ही कंपनीच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होती. १९२९ अखेर परवाने होते ७,७७५. म्हणजे त्यांपासून वार्षिक प्राप्ती सुमारे ६२,००० रुपये. उलट, काटकसरीनंतरही मासिक खर्च सुमारे २४,००० रुपये होता.

या अपयशाचे खापर केवळ श्रोत्यांच्या अनास्थेवर फोडणे न्याय्य नव्हे. दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकांचा पल्ला अल्प, म्हणून परवाने थोडे. आणि परवाने थोडे, म्हणून विस्तारास द्रव्य नाही, असे हे दुष्टचक्र होते.

१ मार्च १९३० रोजी कंपनी विसर्जनास निघाली. एप्रिलपासून केंद्रे सरकारने चालविली. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनेही ती बंद करण्याचे ठरविले, परंतु लोकमताच्या विरोधामुळे तो निर्णय मागे घ्यावा लागला. जो श्रोतृवर्ग कंपनीला तारू शकला नाही, त्यानेच तिचा वारसा राखण्यास हातभार लावला.