ट्री व्ह्यूमध्ये अपत्य नोड न दिसणे

ट्री व्ह्यू किंवा वृक्षदृश्य हा ग्राफिकल यूजर इंटरफेसमधील एक घटक असून तो श्रेणीबद्ध माहिती शाखांच्या रूपात दाखवतो. यातील प्रत्येक नोंदीस नोड म्हणतात. सर्वांत वरचा तो मूळ नोड. एखाद्या नोडच्या अधीन असलेला तो अपत्य नोड आणि ज्याच्या अधीन तो असतो तो पालक नोड होय. पालक नोड दिसतो, परंतु त्याची अपत्ये दिसत नाहीत, हा या घटकाच्या वापरात वारंवार आढळणारा दोष आहे. अशा वेळी वापरकर्त्यास माहिती नष्ट झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती साठ्यात सुरक्षित असूनही पडद्यापर्यंत पोहोचलेली नसते, असे पुष्कळदा घडते.

पार्श्वभूमी

फोल्डरांची वृक्षरचना दाखवणारी एक्सट्री ही आज्ञावली १९८५ साली डॉस प्रणालीसाठी उपलब्ध झाली. १९९५ मधील विंडोज ९५ च्या एक्सप्लोररमुळे हा घटक सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या परिचयाचा झाला.

कारणे

विदेतील दोष: प्रत्येक नोंदीत पालकाचा क्रमांक साठवून वृक्ष उभारण्याची पद्धत प्रचलित आहे. हा क्रमांक चुकीचा असल्यास, किंवा एके ठिकाणी संख्या व दुसरीकडे मजकूर म्हणून साठवला असल्यास, अपत्याची पालकाशी जुळणी होत नाही. दोन नोंदी एकमेकींना पालक मानत असतील, तर मूळ नोडपासून त्या दोहोंपर्यंत पोहोचता येत नाही.

जोडणीतील दोष: डब्ल्यूपीएफमध्ये अपत्यांसाठी हायरार्किकल डेटा टेम्प्लेट वापरून त्याच्या आयटम्स सोर्स या गुणधर्मास अपत्यांची यादी जोडावी लागते. साधे डेटा टेम्प्लेट दिल्यास केवळ वरची पातळी दिसते. क्यूटीमध्ये नोडला अपत्ये आहेत की नाहीत हे मूलतः ओळी व स्तंभ या दोहोंच्या संख्येवरून ठरते. ओळी असूनही स्तंभसंख्या शून्य कळवली गेल्यास नोड अपत्यहीन मानला जातो.

सूचनेचा अभाव: वृक्ष पडद्यावर आल्यानंतर विदेत भर घातली, तर तसे दृश्यास कळवावे लागते. जावा स्विंगमध्ये नोडला थेट अपत्य जोडल्यास दृश्य अद्ययावत होत नाही. ते काम प्रारूपामार्फत करावे लागते.

विलंबित भरण: मोठ्या वृक्षात नोड उघडल्यावरच अपत्ये मागवली जातात. त्यासाठी अपत्ये येण्यापूर्वीच विस्तारचिन्ह दिसणे आवश्यक असते. ते नसल्यास पेच निर्माण होतो: चिन्ह नाही म्हणून नोड उघडता येत नाही आणि नोड उघडत नाही म्हणून अपत्ये मागवली जात नाहीत. विंडोज फॉर्म्समध्ये यासाठी तात्पुरता नोड ठेवण्याची रीत आहे.

मांडणी व गाळणी: विंडोजच्या मूळ ट्री व्ह्यूमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर विस्तारचिन्हे हवी असल्यास बटणांच्या शैलीसोबत मुळाशी रेषा दाखवण्याची शैलीही निवडावी लागते. गाळणी लावलेली असताना पालक निकषात बसत नसेल, तर निकषात बसणारे अपत्यही त्याच्यासोबत लपू शकते.

निदान

तपासणी विदेपासून दृश्याकडे क्रमाने केल्यास दोषाचे स्थान लवकर सापडते. प्रथम साठ्यात अपत्य नोंदी आहेत का, हे पाहावे. त्यानंतर प्रारूप पालकाखाली किती अपत्ये कळवते, ते मोजावे. ही संख्या बरोबर असल्यास दोष दृश्यात, सूचनेत किंवा गाळणीत शोधावा. विस्तारचिन्ह दिसते, पण नोड उघडल्यावर काहीच येत नाही, हे लक्षण बहुधा विलंबित भरणाकडे बोट दाखवते. चिन्हच नसेल, तर जोडणी किंवा शैली आधी तपासावी. कारण निश्चित होण्यापूर्वी नोंदी पुन्हा भरू नयेत; तसे केल्यास साठ्यात दुबार नोंदी तयार होतात आणि मूळ दोष तसाच राहतो.