योगवाही पिंपळी

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्याच अध्यायात, तीन द्रव्यांचा अतिवापर टाळावा असे बजावले आहे. क्षार, मीठ आणि पिंपळी. क्षार आणि मिठाबद्दल कुणाचे दुमत व्हायचे कारण नाही. पिंपळी मात्र डोळ्यांत भरते. कारण याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानाच्या आरंभी, रसायनाच्या अध्यायात, म्हातारपण लांबवणाऱ्या द्रव्यांच्या पंक्तीत हीच पिंपळी मानाने बसलेली आहे. तिथे तिचा एक प्रयोग आहे, वर्धमान पिप्पली. पहिल्या दिवशी दुधाबरोबर दहा पिंपळ्या, दुसऱ्या दिवशी वीस, अशा चढत दहाव्या दिवशी शंभर, आणि मग तशाच दहा-दहाने उतरायचे. मी कागदावर बेरीज करून पाहिली. चढतीच्या दहा दिवसांच्या 550, उतरतीच्या 450. ग्रंथात सांगितल्याप्रमाणे बरोबर हजार.

एकीकडे हजार पिंपळ्या, दुसरीकडे अति करू नका. या विसंगतीने मला या विषयात ओढले. विमानस्थानातले कारण वाचताना एका शब्दापाशी थांबलो: योगवाही. ज्या द्रव्याशी योग होईल त्याचा गुण वाहून नेणारी. पिंपळी शुभही करते आणि अशुभही, सुरुवातीला गुण देते पण पुढे दोष साठवते, असेही तिथे म्हटले आहे; आणि या सगळ्या विवेचनाच्या शेवटी, म्हणून ती जपून वापरा, असा निर्णय. आज ‘वय रोखणाऱ्या’ गोळ्यांच्या डबीवर हळदीच्या अर्काशेजारी मिऱ्याचा अर्क छापलेला दिसतो, त्याचे मूळ या एका शब्दात आहे असे मी मानतो. डबीवर मात्र त्या शब्दाचा पूर्वार्धच उतरला आहे.

पिंपळी आणि मिरे ही एकाच कुळातली. दोघांच्या तिखटपणामागे पिपेरिन नावाचे एकच द्रव्य आहे. ते 1819 साली वेगळे काढले हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने. म्हणजे ज्याने पुढच्याच वर्षी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवले, तोच हा. हळदीतले पिवळे द्रव्य त्याआधी चार वर्षे, 1815 साली, फोगेल आणि पेल्तिये यांनी वेगळे केले होते. म्हणजे मिरे आणि हळद दोघेही युरोपच्या प्रयोगशाळेत जवळपास एकाच वेळी पोचले. त्यांची तिथे गाठ पडायला मात्र पावणेदोनशे वर्षे लागली, आणि तीही युरोपात पडली नाही.

ती वाट जम्मूतून गेली. तिथल्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत चां. कृ. अटल नव्हे, तर सी. के. अटल या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे संशोधक आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नामागे लागले होते. आयुर्वेदातल्या इतक्या पाठांत सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकटू का असते? दमा, ताप, अग्निमांद्य, रोग कोणताही असो, त्रिकटू आहेच. त्यांनी अडुळशातले व्हॅसिसिन प्राण्यांना पिंपळीसह देऊन पाहिले. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात रक्तातले व्हॅसिसिन सुमारे 233 टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. त्रिकटूचे काम बहुधा स्वतः रोग बरा करण्याचे नसून सोबतच्या औषधाला रक्तापर्यंत पोचवण्याचे असावे, असा त्याचा रोख होता. याला मी भाषांतर म्हणेन, योगवाही या शब्दाचे आकड्यांत केलेले.

या कामाचे सर्वांत उपयुक्त फळ तारुण्याच्या बाजारात दिसत नाही, ते क्षयरोगाच्या औषधात दिसते. रिफाम्पिसिनची नेहमीची 450 मिलिग्रॅमची मात्रा 10 मिलिग्रॅम पिपेरिनच्या सोबतीने 200 वर आणता येते, या आधारावरची गोळी 2009 साली भारतात विक्रीला आली. याबद्दल दिवाळी अंकांतून फारसे कुणी लिहीत नाही. क्षयाला झगमगाट नाही.

आता हळद. 1995 साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघांना पेटंट मिळाले. मूळचे गोव्यातल्या माशेलचे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा दिल्लीत वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने 32 संदर्भ पुढे ठेवून आव्हान दिले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. हा विजय आपण अजून सांगतो, आणि सांगावाच. पण त्या जल्लोषात एक गोष्ट मागे पडली. जखमेवर दाबलेली हळद आणि पोटात घेतलेली हळद यांत फार अंतर आहे. पोटातले कुरकुमिन रक्तात जेमतेम पोचते. आतडे आणि यकृत त्याला परके समजून लगेच पाण्यात विरघळणारे रूप देतात आणि बाहेरची वाट दाखवतात.

1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून एक छोटा निबंध आला. निरोगी माणसांना 2 ग्रॅम कुरकुमिन दिले, तर रक्तात ते सापडेना किंवा नावापुरते सापडे. सोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिले, तर उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. हा आकडा आज जगभरच्या डब्यांवर फिरतो आहे. तो खोटा नाही. पण जवळपास शून्याची वीसपट म्हणजे किती, हे विचारायला हवे. शिवाय माणसांमधली ही वाढ पहिल्या तासाभरातच दिसली होती. उंदरांत हीच वाढ 154 टक्के होती, ते डबीवर कुणी छापत नाही. लेखकांच्या यादीत मिऱ्याचा अर्क विकणाऱ्या कंपनीचे संस्थापकही आहेत. त्याने निष्कर्ष चुकीचा ठरत नाही, पण वाचकाने ते ठाऊक ठेवावे.

स्वयंपाकघराचे माप लावून पाहू. हळदीत साधारण 3 टक्के कुरकुमिन धरले, तर 2 ग्रॅमसाठी 65 ग्रॅमच्या वर हळद लागेल. एवढी सांगलीच्या पेठेतली अस्सल हळद भाजीत घालून पाहा, घरचे पानावरून उठतील. 20 मिलिग्रॅम पिपेरिनला मात्र आठ-दहा मिरे पुरतात. म्हणजे या जोडीतली हळद स्वयंपाकघराबाहेरची आहे आणि मिरे घरातलेच आहे. ‘आजीच्या बटव्यातले’ हे विशेषण या कॅप्सूलला निम्मेच लागू पडते.

आयुष्य वाढते का? 2017 साली अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कुरकुमिनवरच्या वाङ्मयाचा कठोर आढावा घेतला. माणसांवरच्या 120 हून अधिक चाचण्या झाल्या, आणि दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून घेतलेल्या चाचणीत निःसंदिग्ध यश एकाही ठिकाणी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जीवनसत्त्व ब3 चे एक रूप आणि ब्लूबेरीतले टेरोस्टिल्बिन यांच्या जोडगोळीची कथा काही वेगळी नाही. 60 ते 80 वयाच्या 120 निरोगी माणसांवर आठ आठवडे चाचणी झाली, 2017 सालीच. रक्तातले एनएडी नावाचे द्रव्य नेहमीच्या मात्रेने सुमारे 40 टक्के वाढले. द्रव्य वाढले, एवढेच सिद्ध झाले. आयुष्य मोजायला आठ आठवडे पुरत नाहीत.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ दम्याची गोळी घेतात आणि फिरायला जाण्यापूर्वी हळद-मिऱ्याची कॅप्सूलही. डॉक्टरांना तिच्याबद्दल सांगितले का, असे मी विचारले. “ते काय औषध आहे का?” हे त्यांचे उत्तर. त्यांना मी 1991 सालचा एक निबंध समजावून सांगितला. त्यात सहा-सहा जणांना सात दिवस रोज पिपेरिन देऊन मग रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल आणि दम्याचे थिओफिलिन दिले होते. दोन्ही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढले. पिपेरिनची मात्रा होती 20 मिलिग्रॅम, म्हणजे पुढे बंगळुरूत हळदीबरोबर वापरली तीच. ज्या दाराने कुरकुमिन आत येते त्याच दाराने सोबतचे सगळेच येते. आणि थिओफिलिनच्या बाबतीत उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. ते कॅप्सूल डॉक्टरांना दाखवतो म्हणाले.

2022 साली अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी हळदीच्या पूरकांशी जोडलेले दहा रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. सात रुग्णांनी घेतलेल्या गोळ्या तपासायला मिळाल्या. सातही गोळ्यांत हळद निघाली, आणि त्यांतल्या तिघींत मिरेही.