मोहफुलाचा गुन्हा, बाटलीचा महसूल

उन्हाळ्याच्या तोंडावर झरी जामणीच्या रानात मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो. कोलाम आणि गोंड घरांत ही फुलं वाळवून ठेवतात, खातात, विकतात. काही घरांत त्यांची दारूही गाळतात. सरकारचं भांडण आहे ते या शेवटच्या गोष्टीशी, आणि ते जुनं आहे.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. इंग्रजी आबकारीची रीत साधी होती. दारू विकण्याचा हक्क लिलावात जाई आणि घरच्या चुलीवरचं मडकं गुन्हा ठरे. तिकडे मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने खुद्द मोहफुलं बाळगण्यावरच बंधनं आली. सांगायला कारण व्यसनाचं होतं, पण दारूचं उत्पन्न सरकारला हवंच होतं. महात्मा फुल्यांनी 1880 मध्येच पुण्यातल्या वाढत्या दारूदुकानांना विरोध केला होता.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. 1951 च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बराचसा भाग कायम ठेवला. तोच कायदा पुढे विदर्भातही आला. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. 2015 ते 2021 या काळात चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. तेव्हा वर्धा नदीच्या वणीकडच्या काठावर बाटली म्हणजे महसूल आणि पलीकडे गुन्हा.

मग सवयीची किंमत वसूल करणं अन्यायच का? तसं सरसकट म्हणता येत नाही. दारूचा खर्च पिणारा एकटा सोसत नाही. उपाशी राहणारी मुलं आणि मार खाणारी बाई ही किंमत आधीच मोजत असतात. पण बाटलीवरचा कर साहेबाला जाणवतही नाही, मजुराची मात्र दिवसाची कमाई खातो. शिवाय जी सवय तिजोरी भरते, ती सुटावी असं सरकारला मनापासून कसं वाटेल?

आपल्याकडे दुसरी एक वाट आहे. गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर परवान्याचं दुकान बंद होतं. इथे निर्णय झळ सोसणाऱ्यांच्या हातात असतो. 2021 मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंधही उठवले.

तेव्हा दंड किती, हा प्रश्न दुसरा. तो कोण ठरवतं आणि पैसा कुणाच्या घरी परत येतो, हे आधी विचारायला हवं.