हातांनी चालवलेला श्वास

1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास अडकलेले रुग्ण रोज येत होते. मानेखालचे आख्खे शरीर आत घेणारे ‘लोखंडी फुप्फुस’ मात्र एकच, आणि छातीवर बसवायची यंत्रे सहा. यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले.

फुप्फुसे तर निरोगी होती! पण फुप्फुस स्वतःहून हवा ओढत नाही. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, तेव्हा कुठे हवा आत येते. पोलिओने हे घडवणारे स्नायूच लुळे केले होते.

रक्तात वाढलेले बायकार्बोनेट डॉक्टरांना कोड्यात टाकत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ते कोडे उलगडले: कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच नव्हता, तो रक्तात साठून बायकार्बोनेट वाढवत होता. 27 ऑगस्टला 12 वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला गळ्यापाशी छेद देऊन नळी घातली गेली आणि इब्सेन यांनी रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलली. मुलगी वाचली.

मग पिशव्या दाबायला हात हवे होते. वैद्यकीय विद्यार्थी आले, सुमारे 1500. खाटेशेजारी बसायचे, पिशवी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. रात्रंदिवस, आळीपाळीने, महिनोन्‌महिने. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1953 मध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानली जाते.